"आता कुत्र्यामांजराला पण बोट द्यायची काय?"

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर निदान शेवटच्या सहा मागण्या तरी वाचा.

परवा पावसाळ्याच्या पूर्वतयारीची बैठक झाली. कुठल्या कार्यालयात, ते लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण नदीकाठच्या दहा ठिकाणी ही बैठक अगदी अशीच झाली असणार. चहा आला, बिस्किटं आली, यादी वाचली गेली. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, दोर, टॉर्च, जनरेटर, निवाऱ्यासाठी कुठल्या शाळा, जेवणाचा ठेका कुणाला. सगळं व्यवस्थित. मी मागच्या खुर्चीत बसून लिहून घेत होतो. यादी संपली तेव्हा विचारलं, "साहेब, जनावरांची सोय कुठं धरलीय? आणि घरातल्या कुत्र्यामांजरांचं काय?"

दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग समोरच्या रांगेतले एक माननीय मागं वळून म्हणाले, "पत्रकारसाहेब, आता कुत्र्यामांजराला पण बोट द्यायची काय?"

हशा पिकला. पुढचा विषय सुरू झाला, अलमट्टीचा. त्यावर पाऊण तास गेला.

खरं सांगायचं तर त्या हशात मी पण थोडा हसलो. बैठकीत आपण हसतोच. पण घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये तेच येणार. मी प्राणिमित्र वगैरे नाही. माझ्या गळ्यात कुठल्या संस्थेचं ओळखपत्र नाही. भटक्या कुत्र्यांनी पोरांना चावल्याच्या बातम्या या गावात सगळ्यात जास्त मीच केल्यात. आधी माणूस, मग जनावर, हे मलाही मान्य आहे. पण याच वाक्याच्या आड लपून आपण जे करतो, त्यानं माणूसच मरतो. कसं ते सांगतो.

ऑगस्ट २०१९ आठवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर. मी बातमी करायला म्हणून बोटीत चढलो आणि पुढचे चार दिवस बातमीदार कमी, हमाल जास्त होतो.

त्या चार दिवसांत एक वाक्य मी किती घरांतून ऐकलं त्याची मोजदाद नाही. "आमी कसं येऊ? म्हसरं हाईत की दावणीला." बोट दारात. पाणी छातीला. आणि घरचा कर्ता माणूस गोठ्याच्या दारात हात धरून उभा. बायकापोरांना बोटीत बसवायचा आणि स्वतः मागं राहायचा. आपण टीव्हीवर बघून म्हणायचो, "हट्टी आहेत लोक, प्रशासन सांगतंय तरी निघत नाहीत." अहो, हट्टी कसले? ज्या म्हशीच्या दुधावर सोसायटीचा हप्ता, पोरीची फी आणि आठवड्याचा बाजार चालतो, ती दावणीला उभी ठेवून माणूस कसा निघेल? तुम्ही तुमचं एटीएम कार्ड आणि पासबुक पाण्यात टाकून निघाल काय? आणि म्हैस म्हणजे नुसतं पासबुक पण नव्हे. तिला नाव असतं. ती त्याच्या आवाजाला मान वळवते.

आता आज्जींची गोष्ट. कित्येक वर्षं झाली, कुठं लिहिली नव्हती.

सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. माडीवर अडकलेल्या. सोबत एक तांबडं कुत्रं, मोत्या. मी आणि बोटवाला गेलो. बोटीत आधीच एक पोटुशी बाई, दोन लहान पोरं. आज्जी म्हणाल्या, "ह्याला घेत असशीला तर येतो. न्हाईतर र्‍हाऊ द्या." बोटवाला म्हणाला, जागा नाही. खरंच नव्हती, आणि धारेत घाबरलेलं कुत्रं उडी मारेल ही भीतीही खोटी नव्हती. मग मी शहाणपणा केला. म्हणालो, "आज्जी, तुम्ही चला. कुत्र्याला उद्या मी आणतो. माझा शब्द."

पत्रकार माणूस. गावात ओळखीचा. त्यांनी विश्वास ठेवला. बोटीमागं उडी टाकू नये म्हणून मोत्याला साखळीनं माडीच्या खांबाला बांधलं, दोन भाकरी कुस्करून ठेवल्या, तांब्यात पाणी ठेवलं आणि आल्या.

दुसऱ्या दिवशी ती बोट दुसऱ्या गावाला हलवली. तिसऱ्या दिवशी पाणी माडीवर चढलं.

पाणी ओसरल्यावर आज्जींबरोबर मी गेलो होतो. काय दिसलं ते लिहीत नाही. साखळी तशीच होती, एवढंच सांगतो. आज्जी मला एक शब्द बोलल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता पुढचं ऐका, मुद्दा इथं आहे. जुलै २०२१. पुन्हा पाणी. पुन्हा भोंगा लावून गाडी फिरली, "स्थलांतर करा." सगळी गल्ली निघाली. आज्जी निघेनात. या वेळी त्यांच्याकडं एक शेळी होती आणि तिची दोन करडं. मी स्वतः गेलो. म्हणालो, "आज्जी, चला. शेळीचं बघतो मी." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचा शब्द नगं बाबा आता."

शेवटी गल्लीतल्या तीन पोरांनी शेळी-करडांसकट त्यांना ट्रॅक्टरवर चढवलं. तोवर अर्धा रस्ता पाण्याखाली गेला होता. चार माणसांचा जीव धोक्यात आला तो शेळीमुळं नव्हे. दोन वर्षांपूर्वी मी मोडलेल्या शब्दामुळं.

म्हणून म्हणतो, जनावर सोडून माणूस वाचवणं ही काटकसर नाही. पुढच्या पुराला तोच माणूस निघणार नाही, याची ती आगाऊ तजवीज असते.

हे ज्ञान काही माझं एकट्याचं नाही. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळ आलं. न्यू ऑर्लीन्स बुडालं. तिथंही बचावाच्या गाड्या-बोटीत कुत्री-मांजरं घेत नव्हते, निवाऱ्यात घेत नव्हते. कितीतरी लोकांनी त्यापायी घरच सोडलं नाही. तो गोंधळ बघून दुसऱ्याच वर्षी, २००६ साली, तिथं कायदा झाला. राज्यांना आणि शहरांना आपत्तीच्या आराखड्यात घरच्या पाळीव प्राण्यांचा विचार करणं भाग पडलं. प्राणिप्रेमाचा उमाळा आला म्हणून नव्हे. माणसं निघावीत म्हणून.

योगायोग बघा. आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा त्याच २००५ सालचा. त्यात 'आपत्ती'ची व्याख्या वाचा. जीवितहानी आहे, मानवी हाल आहेत, मालमत्तेचं नुकसान आहे, पर्यावरणाची हानी आहे. जनावर हा शब्द नाही. म्हणजे ते बसवायचं तर मालमत्तेत बसवायचं, भिंत पडली तसं. दुभती म्हैस मेली तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांनी साडेसदतीस हजार रुपये ठरले होते, तेही एका कुटुंबाला तीन मोठ्या दुभत्या जनावरांपर्यंतच. आज बाजारात बरी म्हैस लाखाच्या खाली मिळते काय, ते कुठल्याही गवळ्याला विचारा. शेळीला चार हजार. कोंबडीला शंभर. आणि वाहून गेलेल्या जनावराचा पंचनामा करायचा तर दाखवायचं काय? रिकामं दावं? मोत्यासारख्याची तर किंमत शून्य. तो मालमत्तेत पण बसत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. सगळं खापर साहेबांवर फोडून मी मोकळा होणार नाही. आपल्यातल्या स्वयंसेवकांना पण दोन शब्द ऐकवायचे आहेत. राग आला तरी चालेल.

पुरात जीव धोक्यात घालून जनावरं काढणारी पोरं मी बघितलीत. त्यांना माझा नमस्कार. पण त्याच पुरात मी दुसरी जात पण बघितली. शहरातून गाडी काढून आलेली, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कुत्र्याला बिस्किट देतानाचा व्हिडिओ करणारी. व्हिडिओ झाला की कुत्रं तिथंच, माणसं गाडीत. काही जणांनी तर रस्त्यावर उभी असलेली, गळ्यात पट्टा असलेली कुत्री 'रेस्क्यू' म्हणून उचलून नेली आणि परस्पर दुसऱ्या शहरात दत्तक देऊन टाकली. इकडं निवारा केंद्रातली पोरगी आठ दिवस विचारत होती, आमचा टायगर कुठं गेला? कॅटरिनानंतर तिकडं हेच झालं आणि प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. आपल्याकडं पोरगी कोर्टात जात नाही. नुसती रडते.

आणि धाडसाचं म्हणाल, तर ८ ऑगस्ट २०१९ विसरू नका. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि गावाच्या डोळ्यांदेखत बायकापोरं बुडाली. त्यांना बाहेर काढायलाच निघालेली बोट होती ती. पुराचं पाणी चांगली भावना ओळखत नाही. पोहता येत नाही, अंगात जॅकेट नाही, कंट्रोल रूमला खबर नाही, आणि निघाले कुत्रं वाचवायला. अशा पोराला वाचवायला मग दुसरी बोट सोडावी लागते. ती सेवा नव्हे. ती दुसरी आपत्ती.

सेवा करायची असेल तर ती आत्ता करा, कोरड्या जमिनीवर. जनावरांचा बचाव बोटीत सुरू होत नाही. बोट हा सगळ्यात शेवटचा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात धोक्याचा उपाय आहे. बचाव सुरू होतो तो पाणी यायच्या दोन दिवस आधी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आणि त्याच्याही आधी, कागदावर.

हे जमतं. करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीकडं बघा. २०१९ ला तिथली माणसं अडकली, सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. आता पाणी चढायला लागलं की ट्रॉल्या भरभरून जनावरं आधी हलतात, माणसं त्यांच्याबरोबर निघतात. कुठल्या मोठ्या तज्ज्ञानं शिकवलं नाही. पुरानं शिकवलं. आपण २००५ बघितला, २०१९ बघितला, २०२१ बघितला. तीन वेळा फी भरून पण आपण नापासच.

म्हणून बैठकीत अर्धवट राहिलेला प्रश्न इथं पूर्ण मांडतो. सहा मागण्या आहेत. एकीलाही मोठा निधी लागत नाही.

१. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दर वर्षी तपासून अद्ययावत करायचा, असं कायदाच सांगतो. मग या वर्षी त्यात जनावरांच्या निवाऱ्याचं पान घाला. प्रत्येक माणसांच्या निवारा केंद्राजवळ जनावरांसाठी उंचावरची जागा ठरवा. बाजार समितीचं आवार असो, कारखान्याचं मैदान असो, काहीही. शाळेच्या वर्गात कुत्रं नको असेल तर नको, पण शाळेच्या पडवीत, साखळीनं, मालकाच्या नजरेसमोर चालेल की.

२. जनावरं आधी, माणसं नंतर. वाचून दचकू नका. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका ४३. या चार फुटांच्या मधल्या वेळात बरेच रस्ते अजून चालू असतात. तेव्हाच जनावरं हलवली की पुढं माणसाला घरात अडकवून ठेवायला काही उरत नाही. आपल्या गावासाठी कुठल्या पातळीला गाडी हलवायची, ते आताच ठरवा.

३. वैरण आणि पाणी. जनावर नेलं आणि उपाशी ठेवलं तर मालक रात्री परत गोठ्याकडं जाणार, वैरण आणायला. असे किती गेले आठवा. सुकी वैरण आधीच उंचावर साठवा. भिजलेली, बुरशी आलेली वैरण घातली तर वाचलेलं जनावर पोटफुगीनं जाईल.

४. लसीकरण. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी टोचायची असते, पाणी आल्यावर नव्हे. ज्यांची राहिली असेल त्यांनी या आठवड्यात दवाखाना गाठा. पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर १९६२ आहे, गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

५. नोंद. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि नातेवाइकाला पाठवून ठेवा. उद्या पंचनाम्याला, नाहीतर हरवलेलं जनावर ओळखायला तोच पुरावा. कुत्र्याच्या पट्ट्यावर खिळ्यानं फोन नंबर कोरा. आणि स्वयंसेवकांनो, कुठलंही पाळीव जनावर उचललं तर फोटो, जागा, तारीख लिहून गावात नोंद द्या. मालक सापडण्याआधी दत्तक देणं म्हणजे माझ्या मते चोरीच.

६. स्वयंसेवकांची यादी. पोहणारे वेगळे, जनावर हाताळणारे वेगळे, ट्रॅक्टरवाले वेगळे, निवाऱ्यावर शेणघाण काढणारे वेगळे. शेवटच्यांची गरज सगळ्यात जास्त, आणि त्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही. कुत्री हाताळणाऱ्यांनी रेबीजची लस आधी घ्यायची. चावलं, ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि थेट दवाखाना. पायाला जखम घेऊन पुराच्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो कुणाची ओळख ठेवत नाही.

आणि घरोघरी एक साधी गोष्ट. सगळं चुकलं, काहीच जमलं नाही, जनावर मागं ठेवूनच निघायची वेळ आली, तर निदान दावं सोडा. साखळी सोडा. गोठ्याचं दार उघडं ठेवा. म्हैस चांगली पोहते, कुत्रं पोहतं, मांजर छप्पर गाठतं. बांधलेल्या जिवाला मात्र काहीच करता येत नाही. खुराडं उघडा, पिंजरा उघडा. दोन मिनिटांचं काम आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून देशात १९६० सालचा कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्यामुळं कायद्याच्या भीतीनं हे करा असं म्हणत नाही. मी ती साखळी बघितलीय, म्हणून सांगतोय.

काही जण म्हणतील, माणसांना पुरेल एवढी मदत नाही, तिथं हे कुठं? माझं उत्तर, हीच तर माणसांची मदत आहे. नदीकाठच्या माणसाचं घर उंबऱ्याशी संपत नाही. ते गोठ्यापर्यंत असतं. अर्धं घर वाचवायला बोट पाठवली आणि माणूस निघाला नाही म्हणून त्यालाच नावं ठेवली, हे किती वर्षं चालायचं?

त्या माननीयांना माझं उत्तर असं. नाही साहेब, कुत्र्याला बोट नको. तुम्ही पाणी यायच्या आधी ट्रॉली द्या, निवाऱ्यावर एक पडवी द्या, आराखड्यात एक पान द्या. मग बोट लागणारच नाही. आणि तरीही लागलीच, तर होय, कुत्र्यालाही बोटीत घ्या. कारण त्याला घेतलं तरच त्याची मालकीण चढणार आहे.

या सहा मागण्यांचं निवेदन मी लिहून काढतोय. ज्यांना सही करायची आहे, ज्यांचा ट्रॅक्टर आहे, उंचावर रिकामी जागा आहे, पोहता येतं, नाहीतर नुसतं शेण काढायची तयारी आहे, त्यांनी मेसेज करा. कॉमेंटमध्ये हार्ट टाकून मोकळं होऊ नका.

परवा आज्जींच्या घरावरून गेलो. त्या अजून तिथंच असतात. शेळ्या आता तीन झाल्यात. निवेदनावर पहिली सही त्यांची घ्यावी असं मनात आहे. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. पण या वेळी शब्द द्यायला जाणार नाही. आधी ट्रॉली ठरवणार, मग जाणार.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. फक्त हसून पुढच्या विषयाला जाऊ नका.